कमी-जास्त उजेडाचं फुटेज एडिटिंगमध्ये कसं सावरायचं

गुढीपाडव्याच्या शोभायात्रेचं ठाण्यातलं फुटेज टाइमलाइनवर टाका, दुखणं लगेच दिसेल. तलावपाळीच्या मोकळ्या उन्हात नऊवारी, फेटे, ढोल-ताशा सगळं लख्ख. तीच मंडळी राम मारुती रोडच्या इमारतींच्या सावलीत शिरली की चेहरे काळवंडतात. मग कॅमेरा आपणहून उजेड वाढवतो, आणि मागचं आकाश पांढरंफटक होतं. बरेचजण इथे एक्स्पोजरचा स्लायडर पकडतात आणि सगळी क्लिप एकदमच वर-खाली करतात. त्यानं एक टोक सुधारतं, दुसरं बिघडतं. ‘एक्स्पोजर कमी-जास्त आहे’ या एका तक्रारीत पाच निरनिराळे दोष असतात. कुठला दोष आहे हे आधी ओळखलं की निम्मं काम तिथेच होतं.

खालच्या पायऱ्या दाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंग सॉफ्टवेअर धरून लिहिल्या आहेत, कारण त्याची फुकट आवृत्ती या कामाला बहुतेक पुरते. प्रीमियर प्रोमध्ये वेगळं काही करावं लागत असेल तिथे तसं सांगितलं आहे.

आधी दोष ओळखा

वेव्हफॉर्म, म्हणजे उजेड दाखवणारा आलेख, उघडा. रिझॉल्व्हमध्ये स्कोप कंट्रोल, शिफ्ट आणि डब्ल्यूनं उघडतात. प्रीमियरमध्ये ल्युमेट्री स्कोप्स. वेव्हफॉर्मची डावी-उजवी बाजू म्हणजे फ्रेमचीच डावी-उजवी बाजू, आणि उंची म्हणजे उजेड. रिझॉल्व्ह ही उंची मुळात ० ते १०२३ अशी दाखवतो, पण इथे सोयीसाठी सगळे आकडे टक्क्यांत आहेत.

क्लिप चालवा आणि चित्राकडे न बघता फक्त आलेखाकडे बघा. सगळा आलेख एकत्र, सावकाश वर-खाली होत असेल तर कॅमेरा ऑटोवर होता. आलेखाचा एखादाच तुकडा हलतोय आणि बाकीचा जागेवर आहे, तर उजेड खरोखर बदलला आहे: माणूस उन्हातून सावलीत गेला, किंवा कुणी दिवा बंद केला. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण पहिला दोष पुसायचा असतो आणि दुसरा फक्त सौम्य करायचा असतो. आलेख शॉटभर स्थिर आहे पण कटवर उडी मारतो, तर प्रश्न दोन शॉट जुळवण्याचा. एक बाजू कायम वर, दुसरी कायम खाली असेल तर प्रश्न फ्रेमच्या आतला. आणि आलेख दर दोन-तीन फ्रेमला थरथरत असेल, किंवा चित्रात आडवे पट्टे सरकत असतील, तर तो फ्लिकर.

हात लावण्याआधी

पहिली गोष्ट डेटा लेव्हल, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या आकड्यांची मर्यादा. दोन कॅमेऱ्यांपैकी एकाचं फुटेज सरसकट फिकट किंवा सरसकट कडक दिसत असेल, तर कदाचित ते चुकीच्या लेव्हलनं वाचलं जातंय. आठ बिटमध्ये व्हिडिओ लेव्हल १६ ते २३५ असते, फुल लेव्हल ० ते २५५. रिझॉल्व्हमध्ये क्लिपवर राइट क्लिक करून क्लिप ॲट्रिब्यूट्समध्ये ‘ऑटो’ऐवजी व्हिडिओ किंवा फुल निवडून बघा. तासभर उजेड-रंगाची चाकं फिरवून जे जमत नाही ते कधीकधी या एका क्लिकनं जमतं.

दुसरी गोष्ट, काय वाचणार नाही ते आधीच मान्य करा. वेव्हफॉर्मच्या वरच्या कडेला आलेख सपाट रेषेसारखा चिकटला असेल तर तिथला तपशील उडाला. गेन (मुख्यतः उजळ भाग बदलणारं चाक) कमी केलात तर तिथे ढग येत नाहीत, पांढऱ्याचा राखाडी होतो. असं आकाश ९० टक्क्यांच्या खाली ओढू नये. पांढरं राहू द्यावं. काळोखी बाजू थोडी दयाळू असते, पण तिलाही मर्यादा आहे. मोबाइलचं आठ बिट फुटेज एका स्टॉपपर्यंत (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड) वर सहज येतं. दोन स्टॉप चढवलंत की नॉईज (चित्रातले बारीक ठिपके) उसळतो आणि भिंतींवर, आकाशात पट्टे पडतात. आठ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, दहा बिटमध्ये १०२४. ताणल्यावर पायऱ्यांमधली फट दिसणारच.

तिसरी गोष्ट खोलीची. लॅपटॉपचा आपोआप कमी-जास्त होणारा ब्राइटनेस आणि नाइट मोड बंद करा, स्क्रीनवर ट्यूबलाइटची तिरीप पडू देऊ नका. दुपारी खिडकीजवळ केलेलं करेक्शन रात्री बघितलं की भडक वाटतं ते यामुळेच.

मोबाइलचं फुटेज असेल तर आणखी एक बघा. फोन बहुतेक वेळा बदलत्या फ्रेमरेटनं रेकॉर्ड करतो, आणि अशा फुटेजवर कीफ्रेम (ठरावीक फ्रेमवर नोंदवलेली करेक्शनची किंमत) व ट्रॅकिंग घसरतं. हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून ते स्थिर फ्रेमरेटचं करून घ्या आणि मगच कामाला बसा.

नोडचा क्रम

रिझॉल्व्हमध्ये करेक्शनचा प्रत्येक टप्पा म्हणजे एक नोड. क्रम असा ठेवा: पहिला नोड एक्स्पोजर, दुसरा व्हाइट बॅलन्स, तिसरा कॉन्ट्रास्ट, चौथा चेहरा किंवा खिडकी यांसारख्या ठरावीक भागासाठी, आणि लूक किंवा लट (एलयूटी, तयार रंगबदलाची फाइल) सगळ्यात शेवटी. नवा नोड ऑल्ट आणि एसनं येतो. लट आधी लावून नंतर एक्स्पोजर सुधारण्याची सवय फार पसरली आहे आणि ती वाईट आहे. लट ठरावीक पातळीवरच्या चित्रासाठी बनवलेली असते. तिला दीड स्टॉप जास्त उजळ फुटेज दिलंत तर ती हायलाइट (सगळ्यात उजळ भाग) छाटून टाकते, आणि छाटलेलं पुढच्या नोडला मिळत नाही.

एक्स्पोजर कुठल्या चाकानं बदलायचं हे फुटेजवर अवलंबून आहे. लॉग फुटेज (मुद्दाम फिकं, कमी कॉन्ट्रास्टनं रेकॉर्ड केलेलं) असेल तर ऑफसेट. त्यानं सगळा आलेख आकार न बदलता सरकतो, जवळपास लेन्सचं ॲपर्चर फिरवल्यासारखा. साध्या रेक ७०९ (नेहमीच्या स्क्रीनच्या प्रमाणातल्या) फुटेजवर मात्र ऑफसेट वापरलात तर काळा रंगही वर येतो आणि चित्र धुरकट होतं. तिथे गेन आणि गॅमानं (मधल्या उजेडाचं चाक) काम करा, मग लिफ्टनं (गडद भागाचं चाक) काळा परत जागेवर बसवा. नेमके स्टॉप मोजून काम करायचं असेल तर नोडवर राइट क्लिक करून त्याचा गॅमा लिनिअर करा. आता गेन २.०० म्हणजे एक स्टॉप वर, १.४१ म्हणजे अर्धा स्टॉप, ०.५० म्हणजे एक स्टॉप खाली. यासाठी प्रोजेक्टची टाइमलाइन कलर स्पेस तुमच्या फुटेजशी जुळलेली हवी, नाहीतर हे आकडे खोटे ठरतात.

लक्ष्य म्हणून काही आकडे हाताशी असावेत. तयार चित्रात ग्रे कार्ड ४० टक्क्यांच्या आसपास, गव्हाळ चेहऱ्याची उजेडातली बाजू साधारण ४५ ते ६०, सावळ्या चेहऱ्याची ३५ ते ५०. पांढरा सदरा ७५ ते ९०, म्हणजे त्याच्या चुण्या दिसतात. केस आणि काळा कोट २ ते ५. परदेशी ट्युटोरियलमध्ये चेहरा ७० टक्क्यांवर न्यायला सांगतात. तो आकडा गोऱ्या त्वचेच्या उजळ भागाचा आहे. आपल्याकडचा नवरदेव त्या आकड्यावर नेऊन बसवला की पावडर फासल्यासारखा दिसतो.

कॅमेरा ऑटोवर असेल तर

हा सगळ्यात त्रासाचा दोष, आणि लग्नाच्या फुटेजमध्ये तो हमखास एका जागी भेटतो: अंतरपाटाशी. मंगलाष्टकं चालू असताना पांढरं कापड फ्रेमचा मोठा भाग व्यापतं. कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला, तो एक्स्पोजर खाली ओढतो. अंतरपाट दूर होतो तो क्षण म्हणून नेमका अंधारा येतो, आणि पुढच्या सेकंद-दीड सेकंदात चित्र उजळत जातं. हा शॉट कापून टाकायची सोय नसते.

आधी फ्रेममध्ये अशी वस्तू शोधा जिच्यावरचा उजेड बदललेला नाही आणि जी सगळा वेळ दिसते. मंडपाचा खांब, मागची भिंत, काहीही चालेल. समजा, हा खांब नेहमी ६२ टक्क्यांवर आहे आणि अंतरपाट समोर असताना ४५ वर उतरतो. ६२ भागिले ४५ म्हणजे सुमारे १.३८, खांब पूर्ववत करायला साधारण एवढा गेन लागेल.

पण इथे एक मेख आहे. त्या वेळी कापड ८५ टक्क्यांवर असेल तर १.३८ पटीनं ते ११७ वर जातं, म्हणजे उडतं. त्यामुळे अंतरपाट फ्रेममध्ये आहे तोवर पूर्ण भरपाई करायची नाही. गेन १.१५ पर्यंतच न्या. कापड ९८ च्या आसपास थांबतं आणि खांब ५२ वर येतो. चेहरे अजून मंद वाटले तर थोडा गॅमा वाढवा. कापड खाली येतं त्या सहा-आठ फ्रेममध्ये गेन १.१५ वरून १.३८ वर न्या. कापड हटल्यावर चेहरे उजळले, हे बघणाऱ्याला साहजिक वाटतं. मग कॅमेरा स्वतः सावरत जाईल तसा गेन १.३८ वरून १.०० वर उतरवा. २५ फ्रेमरेटला हा उतार साधारण २५ ते ३८ फ्रेमचा असतो.

रिझॉल्व्हमध्ये हे करायला कलर पेजवर कीफ्रेम्सचं पॅलेट उघडा, त्या नोडच्या करेक्टरच्या ओळीवर राइट क्लिक करून ‘ॲड डायनॅमिक कीफ्रेम’ निवडा. डायनॅमिक म्हणजे हळूहळू बदल, स्टॅटिक म्हणजे फटकन. बदल सुरू व्हायच्या आधीच्या फ्रेमवर पहिला कीफ्रेम टाकायला विसरू नका, नाहीतर करेक्शन क्लिपच्या सुरुवातीपासूनच चढू लागतं. प्रीमियरमध्ये कीफ्रेम करायच्या एक्स्पोजरसाठी दुसरा, वेगळा ल्युमेट्री लावा. मूळ करेक्शन आणि हलतं करेक्शन एकाच इफेक्टमध्ये कोंबलं की नंतर काहीच बदलता येत नाही.

कीफ्रेम टाकूनही मध्येच एक उसळी दिसते. कारण आपला उतार सरळ असतो, कॅमेऱ्याचा नसतो. तो आधी पटकन सावरतो आणि शेवटी रेंगाळतो. म्हणून मधला कीफ्रेम बरोबर मध्यावर न टाकता उताराचा एक-तृतीयांश भाग झाल्यावर टाका आणि तिथे खांबाचा आकडा ६२ वर आणा. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. फ्रेमागणिक कीफ्रेम टाकत बसाल तर चित्र थरथरू लागेल. एका उतारावर तीन-चार पुरेत. उजेडाबरोबर रंगही सरकला असेल, कारण ऑटोवर सोडलेला व्हाइट बॅलन्सही बदलतो, तर त्याच जागी टेम्परेचरचे कीफ्रेम टाका.

कीफ्रेमचा कंटाळा असेल, किंवा मोबाइलवरच्या साध्या ॲपमध्ये काम करत असाल, तर दुसरी पद्धत सोपी आहे. तीच क्लिप बरोबर तिच्याच वर दुसऱ्या ट्रॅकवर ठेवा. वरच्या क्लिपवर अंधाऱ्या भागाला लागेल तेवढं स्थिर करेक्शन लावा आणि तिची ओपॅसिटी शून्यापासून १०० पर्यंत आणि परत शून्यावर न्या. दोन्हीकडे तीच फ्रेम असल्यानं हालचालीत दुहेरी प्रतिमा येत नाही. अट एकच, दोन्ही क्लिप एका फ्रेमनंही मागे-पुढे नकोत.

शोभायात्रेसारख्या शॉटमध्ये, जिथे माणूस खरोखर उन्हातून सावलीत जातो, तिथे फरक पूर्ण पुसू नका. कॅमेऱ्यानं घातलेला गोंधळ काढा, पण सावलीत गेलेला चेहरा उन्हातल्यापेक्षा पाच-दहा टक्के खाली राहू द्या. उन्हात आणि सावलीत सारखाच उजळ राहिलेला चेहरा डोळ्याला खटकतो, जरी बघणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी.

पावसाळ्यात येऊरला किंवा उपवनच्या काठी ढग सरकत असताना घेतलेल्या मुलाखतींना हेच लागू होतं, थोड्या फरकानं. ढग आला की उजेड कमी होतोच, पण सावल्याही मऊ होतात आणि रंग निळसर होतो. नुसता गेन वाढवून ते ऊन परत येत नाही. कॉन्ट्रास्ट आणि थोडी ऊबही द्यावी लागते. बदल एका वाक्याच्या मधोमध असेल तर आमचा सल्ला सरळ आहे: तिथे तलावाचा किंवा हातांचा एखादा कटअवे (मध्येच दाखवायचा दुसरा शॉट) टाका.

एकाच फ्रेममध्ये अर्धा उजेड, अर्धा अंधार

वाशी किंवा नेरुळच्या फ्लॅटमध्ये खिडकीकडे पाठ करून बसवलेला माणूस हे याचं नेहमीचं उदाहरण. पॉवर विंडोचा (करेक्शन ठरावीक भागापुरतं ठेवणारा आकार) लंबगोल चेहऱ्यापेक्षा थोडा मोठा, मानेसकट घ्या. सॉफ्टनेस भरपूर ठेवा. कडा ओळखू आली तर विंडो फसली. आत गॅमा ०.०५ ते ०.१० एवढाच वाढवा. गेन वाढवलात तर कपाळावरचा घाम आणि चष्म्याची चमक आधी उडते. मग ट्रॅकरमध्ये जाऊन कंट्रोल आणि टीनं पुढे ट्रॅक करा. चेहऱ्यासमोरून हात गेला की ट्रॅक त्या हाताबरोबर पळतो; तिथे थांबवा, ट्रॅकर क्लिपवरून फ्रेम मोडवर आणा आणि विंडो हातानं परत जागेवर ठेवा.

चेहरा उजळताना खिडकी तशीच ठेवली तर माणूस चिकटवल्यासारखा दिसतो. दुसऱ्या नोडमध्ये लॉग व्हील्सच्या हायलाइटनं खिडकी किंचित खाली आणा. दोन्हीकडून थोडं थोडं अंतर कापलं की कुठलंच करेक्शन नजरेत भरत नाही.

नाटकाच्या चित्रीकरणात हेच उलटं होतं. गडकरी रंगायतनसारख्या रंगमंचावर मागे काळा पडदा आणि नटावर स्पॉट. ऑटो कॅमेरा काळ्याला भुलून चेहरा जाळतो. चेहऱ्याचा लाल चॅनल आधी उडतो, तो परेड स्कोपमध्ये (लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दाखवणारा आलेख) स्वतंत्र दिसतो. हिरव्या-निळ्यात तपशील शिल्लक असेल तर गेन थोडा खाली घेऊन त्या भागाचं सॅच्युरेशन कमी करा. चेहरा फिका पडेल, पण त्वचेचा पोत परत येईल. तिन्ही चॅनल उडाले असतील तर त्या नटाचा लांबचा शॉट शोधा.

फ्लिकर

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. फोन ३० फ्रेमनं शूट करतो आणि शटर १/६० वर असेल, तर प्रत्येक फ्रेमला उजेडाचा वेगळा हिस्सा मिळतो. १०० भागिले ३० म्हणजे ३.३३, त्यामुळे हा नमुना दर तीन फ्रेमनी पुन्हा येतो. उपाय याच आकड्यात आहे. तीच क्लिप तीन ट्रॅकवर ठेवा: खालची मूळ जागी, मधली एक फ्रेम पुढे, वरची दोन फ्रेम पुढे. ओपॅसिटी खालून वर १००, ५० आणि ३३. तिन्हींचा वाटा समान होतो आणि थरथर बरीच निवते. ६० फ्रेमच्या फुटेजलाही तीनचाच हिशोब लागतो. २४ ला मात्र नमुना सहा फ्रेमनी परततो, तिथे हा उपाय परवडत नाही.

यात तोटा उघड आहे. हलणारी प्रत्येक गोष्ट तिहेरी दिसते. म्हणून हे थर फक्त भिंत-छतावर, मास्क लावून वापरा आणि माणसं मूळ क्लिपमधून दिसू द्या. रिझॉल्व्हचा डीफ्लिकर इफेक्ट हे काम जास्त हुशारीनं करतो, पण तो पैसे देऊन घ्यायच्या स्टुडिओ आवृत्तीत आहे. हॉलमधल्या लग्नांचं काम नियमित करत असाल तर त्या एकाच इफेक्टसाठीही ती घ्यावी.

२५ फ्रेमच्या फुटेजमध्ये पट्टे सरकत नाहीत, एका जागी उभे राहतात, कारण १०० ला २५ नं निःशेष भाग जातो. हे खरं तर सोपं काम: प्रत्येक काळ्या पट्ट्यावर एक मऊ आडवी विंडो, थोडा गॅमा, ट्रॅकिंगही नको.

दोन कॅमेरे, एक प्रसंग

आधी एक शॉट मानक ठरवा, जो चेहऱ्याच्या दृष्टीनं सगळ्यात बरा आहे. सगळ्यात देखणा असायची गरज नाही. तो पूर्ण सुधारून कंट्रोल, ऑल्ट आणि जीनं स्टिल (त्या फ्रेमचं स्थिर चित्र) घ्या. दुसऱ्या शॉटवर जाऊन कंट्रोल आणि डब्ल्यूनं वाइप लावा, म्हणजे स्टिल आणि शॉट शेजारी-शेजारी दिसतात. आता क्रमानं काळा जुळवा, मग पांढरा, मग गॅमानं चेहरा. उलटा क्रम घेतला तर चेहरा तीनदा जुळवावा लागतो. वाइड शॉटचा आणि क्लोजअपचा वेव्हफॉर्म कधीच सारखा दिसणार नाही, कारण फ्रेममधल्या वस्तूच वेगळ्या. दोन्हीकडे असलेल्या वस्तूचीच तुलना करा, उदाहरणार्थ त्याच माणसाच्या सदऱ्याची. एका कॅमेऱ्याच्या सगळ्या क्लिप एका ग्रुपमध्ये घालून समान फरक ग्रुप प्री-क्लिपमध्ये (ग्रुपच्या सगळ्या क्लिपना आधी लागणारा टप्पा) एकदाच सुधारा.

पाठवण्याआधी

सगळी टाइमलाइन एकदा आवाज बंद करून चालवा. आवाज असला की मेंदू उड्या माफ करतो. मग एक मिनिटाचा सगळ्यात अंधारा भाग एक्स्पोर्ट करून फोनवर, निम्म्या ब्राइटनेसला बघा. गडद भिंतीवर पट्टे दिसले तर शेवटच्या नोडमध्ये अगदी हलका ग्रेन (फिल्मसारखा बारीक दाणेदारपणा) घाला. तो पट्ट्यांच्या कडा मोडतो. ग्रेन टाकल्यावर बिटरेट थोडा वाढवावा लागतो, नाहीतर एन्कोडर तोच ग्रेन पुसून पट्टे परत आणतो.

पुढच्या शूटला कॅमेरामनला तीन गोष्टी सांगून ठेवा: शटर १/५० किंवा १/१०० वर पक्कं, आयएसओ आणि व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको, आणि फोन असेल तर चेहऱ्यावर बोट दाबून धरून एक्स्पोजर लॉक. अंतरपाट धरायच्या आधी लॉक.